भरल्या घरात अबोल माणसाची जागा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही पुण्यात राहता, घरूनच काम करता. मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या गावी तुमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरात पन्नास-साठ माणसं, झोपायला माजघरात ओळीने गाद्या, कार्याच्या मागेपुढे मिळून चार दिवस. आजोबांवर तुमचा जीव आहे. पण अशा कार्यांहून परतल्यावर दोन-तीन दिवस कुणाशी बोलवत नाही, आणि आईचं म्हणणं एकच, "जरा माणसात मिसळायला शीक." म्हणून कामाचं निमित्त सांगून फक्त कार्याच्या दिवशी सकाळी पोचावं आणि संध्याकाळी निघावं असं मनात आहे. हे बरोबर होईल का, असं तुम्ही विचारलंत.

माझं उत्तर असं: जा, आणि सगळ्यांच्या शेवटी पोचण्याऐवजी सगळ्यांच्या आधी पोचा. हातात एक काम घ्या. परतायची वेळ आत्ताच ठरवून टाका. बाकीचं या तीन गोष्टींच्या आधाराने निभेल. मी बरीच वर्षं समुपदेशन करते आहे. लग्नसराई, मे महिना, गणपती जवळ आले की हाच प्रश्न घेऊन माणसं येतात. त्यात तुमच्यासारख्या नोकरदार मुली असतात, नवे जावई असतात, साठी ओलांडलेले गृहस्थही असतात. गर्दीपासून पळायचा बेत करून गेलेली माणसं जास्त दमून येतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गर्दीत आपली जागा कोणती हे ठरवून गेलेली माणसंही दमतात, पण जाऊन आल्याचं समाधान घेऊन येतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. अंतर्मुख असणं आणि लोकांची भीती वाटणं बाहेरून सारखंच दिसतं, आतून मात्र फार वेगळं असतं. अंतर्मुख माणूस गर्दीत जाताना ठीक असतो आणि तिथे तासामागून तास दमत जातो. भीती असलेल्या माणसाचा त्रास आठवडाभर आधीच सुरू होतो: सगळे आपल्याला जोखतील, बोलताना हात थरथरतील, आपलं हसं होईल. परतल्यावरही तो आपण बोललेलं एकेक वाक्य मनात उकरत बसतो. या दुसऱ्या त्रासाला सामाजिक भयगंड म्हणतात, आणि १९८० पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे. तुमच्या लिहिण्यात नंतरच्या थकव्याबद्दल सगळं आहे, आधीच्या धास्तीबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे तुम्ही पहिल्या गटातल्या आहात असं मी धरून चालते. वाचताना दुसरं वर्णन आपलं वाटलं, तर मात्र माझ्या पुढच्या सूचनांवर थांबू नका. भयगंडावर विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. सुरुवात म्हणून टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतूनही बोलता येतं.

अंतर्मुखता हा दोष नाही आणि आजारही नाही. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली तेव्हापासून लोक जणू दोन जाती असल्यासारखे बोलतात. आजचं मानसशास्त्र तसं मानत नाही. उंचीसारखाच हाही गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो, आणि बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. ब्रिटनमध्ये काम केलेले हान्स आयझेंक यांचं म्हणणं होतं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरून थोडं आलं तरी ते पुरेसं होतं. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले तर अंतर्मुख लोकांना सरासरीने जास्त लाळ सुटते, हा त्याच काळातला प्रसिद्ध प्रयोग. पुढच्या संशोधनाने यात भर घातली: बहिर्मुख माणसाला कौतुक, नवी ओळख, चारचौघांतली मजा यांची ओढच जास्त असते.

तुमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी, की तुम्हाला थकवणारी फक्त माणसं नसतात. कोकणातला मे महिना, घामाने चिकट झालेलं अंग, ध्वनिक्षेपक, होमाचा धूर, अपुरी झोप, वीज गेल्यावर बंद पडलेला पंखा, हे सगळं माणसांसोबत एकदमच अंगावर येतं. यातल्या काही गोष्टी तुम्ही कमी करू शकता. पाणी नीट प्यायलात, सुती कपडे घातलेत, एक रात्र पुरी झोप मिळवलीत, ध्वनिक्षेपकापासून लांबची जागा धरलीत, तर माणसांसाठी तुमच्यात जास्त जागा उरते. माणसांना टाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि त्याने कुणी दुखावतही नाही.

दोन संशोधनं इथे सांगते, कारण आई आणि तुम्ही दोघींचंही म्हणणं त्यात थोडं थोडं खरं ठरतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की मोकळेपणाने मिसळायचं झालं तर किती अवघडल्यासारखं होईल याचा अंतर्मुख माणसांचा अंदाज वाजवीपेक्षा वाईट असतो. प्रत्यक्ष वागल्यावर तितकं वाईट वाटत नाही. म्हणजे निघण्याआधी मन जे चित्र उभं करतं त्यावर पूर्ण विसंबू नका. दुसरं संशोधन मेलबर्न विद्यापीठातलं, २०१९ चं. त्यात माणसांना सलग आठवडाभर बहिर्मुख वागायला सांगितलं होतं. बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण जे मुळात अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, ते जास्त थकले, आणि आपण खोटं वागतोय असं त्यांना वाटू लागलं. दोन्ही एकत्र वाचलं तर अर्थ स्वच्छ आहे. तासभर मन लावून मिसळणं तुम्हाला झेपेल आणि आवडेलही. चार दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणासारखं वागणं झेपणार नाही, आणि ते तुमच्याकडून कुणी मागूही नये.

आता आधी पोचण्याबद्दल. कार्याच्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही गाडीतून उतरलात, की खळ्यात बसलेली चाळीस माणसं एकदम तुमच्याकडे बघणार. "आली गं आली! एवढ्या उशिरा?" इथून सुरुवात. मग प्रत्येकाच्या पाया पडणं, प्रत्येकाचे तेच चार प्रश्न, आणि हे सगळं प्रवासाने शिणलेल्या अंगाने. संध्याकाळी निघताना परत तेच. सबंध दिवसात आजोबांच्या वाट्याला तुम्ही दहा मिनिटं याल, तीही फोटोसाठी रांगेत. उलट आदल्या दिवशी, शक्य असेल तर त्याच्याही आदल्या दिवशी, घरात सहा-सात माणसं असताना पोचलात तर पाहुणे तुमच्या देखत एकेक, दोन-दोन करून येतात. येणाऱ्याला पाण्याचा तांब्या आणि गूळ देणारी तुम्ही होता. आलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोलणं होतं, तेही पुढची गाडी येईपर्यंतच. अशा तुकड्या-तुकड्यांनी पन्नास माणसं भेटणं आणि पन्नास माणसांच्या घोळक्यात शिरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय घरातली अंथरुणं, न्हाणीघर, मागच्या दाराची वाट हे सगळं तुमच्या पायाखालचं झालेलं असतं.

येण्या-जाण्याची सोय स्वतःची ठेवा. चुलतभावाच्या सात आसनी गाडीत दहा तास गाणी आणि गप्पा झाल्या तर तुम्ही पोचायच्या आधीच निम्म्या संपलेल्या असाल. पुण्याहून कोल्हापूरमार्गे अणुस्कुरा घाटातून राजापूरला उतरता येतं, त्या वाटेने एसटीने खिडकीजवळ बसून जा. मुंबईहून कोकण रेल्वेने यायचं झालं तर मे महिन्यात गाड्या तुडुंब असतात, आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, त्याच दिवशी काढावं लागतं. काहीही असो, परतीचं तिकीट हातात घेऊनच निघा. कधी सुटणार हे माहीत असलं की माणूस जास्त मोकळेपणाने थांबतो. "बघू, जमलं तर निघेन" असं ठेवलंत तर चारही दिवस मन त्या निघण्यातच अडकून राहील.

कार्य कसं चालतं हे आधी माहीत असणं तुमच्यासारख्या माणसाला फार उपयोगाचं असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. म्हणून हे कार्य ८१ व्या वाढदिवसाच्या आसपास करतात, आणि घरच्यांच्या सोयीने मे महिन्याच्या सुटीत धरतात. सकाळी गणेशपूजन, पुण्याहवाचन, मग होम. चंद्राच्या प्रतिमेची पूजा होते. हे सगळं गुरुजींच्या हातात असतं आणि दुपारपर्यंत चालतं. या वेळात आजोबा पाटावर बसलेले, आणि बाकीच्यांकडून बसून राहण्यापलीकडे कुणाची काही अपेक्षा नसते. गप्प बसणाऱ्या माणसासाठी ही दिवसातली सगळ्यात सोपी वेळ आहे, तेव्हा मंडपात पुढे येऊन बसा. आई बघेल, आत्या बघतील, आजोबाही बघतील. मग ८१ दिव्यांनी औक्षण, कुठे कुठे गूळ-धान्याची तुला, पंगती. पंगती उठल्यावर दोन ते चार घर शांत होतं. संध्याकाळी सत्कार, चार शब्द, रात्री भजन. तुमच्यासाठी अवघड वेळ खरं तर एकच: दुपारी चारचा चहा ते रात्रीचं जेवण. त्या चार तासांची तयारी केलीत की दिवस पार पडतो.

आणि तयारी म्हणजे काम. शहरातल्या सभागृहातल्या वाढदिवसात आणि गावच्या घरातल्या कार्यात मला हा मोठा फरक दिसतो. सभागृहात पाहुण्याला बोलण्याखेरीज दुसरं काहीच करायला नसतं. तिथे अबोल माणूस उघडा पडतो. गावच्या घरात मात्र प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चाललेलं असतं, आणि ज्याच्या हातात काम आहे त्याला कुणी "गप्प का?" असं विचारत नाही. हात चालू असले की शेजारचा माणूसही निवांत बोलतो, मधे थांबतो, परत बोलतो. समोरासमोर बसून डोळ्यात डोळे घालून करायच्या गप्पांपेक्षा नारळ खवताना झालेल्या गप्पा अबोल माणसाला जास्त मानवतात.

कोणतं काम घ्यायचं ते मात्र नीट निवडा. औक्षणाचे ८१ दिवे कणकेचे करायचे असतील तर ते आणि त्यांच्या वाती मागून घ्या. आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून दोन-तीन तास चालणारं हे काम आहे. सोबत एखादी काकू, एखादी लहान भाची बसेल. कार्याच्या दिवशी ते दिवे पेटताना सगळे बघतील आणि कुणीतरी म्हणेलच की हे हिने केलेत. दुसरं चांगलं काम म्हणजे आहेर आणि भेटवस्तूंची वही. एका जागी बसायचं, नाव विचारायचं, लिहायचं. संभाषणाला सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेले. फोटो काढण्याचं कामही छान, कारण हातात कॅमेरा असलेल्या माणसाला हवं तेव्हा घोळक्यातून बाहेर पडता येतं. म्हाताऱ्या पाहुण्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळणं हे कुणाच्या लक्षात न येणारं पण फार मोलाचं काम आहे, त्यासाठी शांत माणूसच लागतो.

स्वयंपाकघराबद्दल सावध करते. तिथे शिरणं सोपं आहे, बाहेर येणं तुमच्या हातात राहत नाही, विशेषतः घरची लेक असाल तर. पहाटे पोहे, मग भाज्या, मग दुसरा चहा, मग ताटं-वाट्या, आणि त्यात दहा-बारा बायकांचं एकाच वेळी बोलणं. एक ठराविक वाटा उचला. सोलकढीसाठी नारळाचं दूध काढून देईन, पहिल्या पंगतीला मीठ-लिंबू-चटणी वाढेन, असं स्पष्ट सांगा आणि तेवढं चोख करा. ज्याला शेवट आहे असंच काम धरा.

विश्रांतीबद्दल दोन गोष्टी. पहिली, ती दमण्याच्या आधी घ्यायची. डोकं जड झालं, चेहऱ्यावरचं हसू ओढून आणावं लागतंय असं वाटायला लागलं, की उशीर झालेला असतो. मग अर्ध्या तासाने भागत नाही. सकाळी सव्वापाच-साडेपाचला घर उठायच्या आत वीस मिनिटं विहिरीकडे किंवा आगरात जाऊन या. दुपारी दोन ते चार कुणी झोपलं नाही तरी तुम्ही आडव्या व्हा. संध्याकाळी सत्काराच्या आधी पुन्हा थोडा वेळ. व्यक्तिमत्त्वावर काम करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल स्वतः खूप अंतर्मुख, पण व्याख्यानं देण्यात रंगणारे. एका लष्करी महाविद्यालयात बोलायला गेले की जेवणाच्या सुटीत ते रिशलू नदीच्या काठाने एकटेच फिरायला जात, आणि मग दुपारच्या व्याख्यानाला ताजे होऊन येत. त्यांचं म्हणणं असं की आपल्याला प्रिय असलेल्या कामासाठी किंवा माणसासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊ शकतो, फक्त मधे परत येण्याची जागा लागते. आजोबांसाठी तुम्ही हेच करणार आहात. तुमच्या घराच्या मागे पोफळी आहेत, पाण्याचा पाट आहे. जागा शोधायला लांब जायला नको.

दुसरी गोष्ट, न सांगता नाहीसं व्हायचं नाही. शहरात कुणी अर्धा तास दिसलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गावात मात्र "कुठं गेली ती? बरं नाही का? कुणी काही बोललं का?" असं लगेच सुरू होतं आणि शोधायला मुलं सुटतात. "काकू, जरा आगरात जाऊन येते," एवढं म्हणालात की पुरे. कानात इयरफोन घालून ओटीवर बसणं टाळा. तिथे बसून न बोलणं चालतं, पण कान बंद करून बसलेलं वडीलधाऱ्यांच्या मनाला लागतं. आजोबांच्या शेजारी झोपाळ्यावर नुसतं बसलात तर मात्र कुणी काहीही म्हणणार नाही. अशा घरात गप्प बसणारे दोन-तीन म्हातारे असतातच, आणि त्यांना कधी कुणी "मिसळा" म्हणत नाही. तोच स्वभाव तरुण मुलीत दिसला की ती शिष्ट ठरते. हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणते. पण चार दिवसांत तो सुधारायला जाऊ नका, त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसा.

प्रश्नांचं काय? लग्न कधी, पगार किती, घरून काम म्हणजे नक्की काय करतेस, वाळलीस का एवढी. हे येणार. बहुतेक वेळा विचारणाऱ्याला उत्तरात रस नसतो. वर्षा-दोन वर्षांनी दिसलेल्या मुलीशी दुसरं काय बोलावं हे त्यालाही सुचत नसतं. म्हणून लहान, खरं उत्तर द्या आणि लगेच त्यांना येणाऱ्या विषयाकडे बोट करा. "अजून ठरलं नाही, आत्या. ठरलं की तुला आधी सांगेन. यंदा तुमच्याकडे आंबा कसा झाला?" आंबा, काजू, मोहर, माकडं, नवी सून, गुडघे. कोकणातला माणूस यावर पंधरा मिनिटं सहज बोलतो आणि तुम्हाला फक्त ऐकायचं असतं. ऐकणं तुम्हाला येतं. ऐकून घेणारी मुलगी म्हणून पुढच्या वर्षी लोक तुमची आठवण काढतील. तेच माणूस तोच प्रश्न परत परत विचारू लागलं, किंवा चारचौघांत टोचून बोललं, तर हसत बसायची गरज नाही. "याच्यावर मला आज बोलायचं नाही," असं शांतपणे एकदाच म्हणा आणि उठून कामाला लागा. आवाज चढवायचा नाही, कारणं द्यायची नाहीत.

रात्रीचं लवकर ठरवा. माजघराच्या मधली गादी घेऊ नका, दाराजवळची किंवा भिंतीकडेची मागा. माळ्यावर मे महिन्यात उकडतं, पण पंखा असेल आणि दोघी-तिघीच असतील तर माळा बरा. भावंडांच्या गप्पा रात्री दोनपर्यंत रंगतात आणि त्यात खरंच मजा असते, तेव्हा एक रात्र त्यांच्यासाठी ठेवा. कार्य उरकल्यानंतरची रात्र ठेवलीत तर उत्तम, कारण दुसऱ्या दिवशी कुठलीही जबाबदारी नसते. बाकीच्या रात्री कानात कापसाचे बोळे घालून साडेदहाला झोपा.

आता आई. "माणसात मिसळ" हे वाक्य ऐकलं की तुम्हाला आपल्यात काहीतरी कमी आहे असं ऐकू येतं. आईच्या मनात बहुधा वेगळी काळजी असते: लोक म्हणतील, हिची मुलगी कुणाशी बोलत नाही. निघायच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी तिला विचारा, "आई, मी कुणाकुणाला नीट भेटले म्हणजे तुला बरं वाटेल?" ती पाच-सहा नावं सांगेल: मोठ्या आत्या, मुंबईचे काका, आजीची बहीण. मोघम तक्रारीची अशी नावांची यादी झाली की ती पुरी करता येते. प्रत्येकाजवळ पंधरा-वीस मिनिटं, एकेकट्याने, कार्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. एकेका माणसाशी बोलण्यात तुम्ही कमी पडत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. त्याच वेळी आईला हेही सांगून ठेवा की दुपारी तुम्ही तासभर आडव्या होणार आहात आणि सकाळी लवकर एकट्या फिरून येणार आहात. कुणी विचारलं तर उत्तर तिच्याकडे तयार असेल, आणि चारचौघांत "बघा, परत गेली आत" असं तिच्या तोंडून निघणार नाही.

सत्काराच्या वेळी "नातीने दोन शब्द बोलावेत" असं कुणीतरी म्हणणारच. हे आयत्या वेळी अंगावर येऊ देऊ नका. सूत्रसंचालन कोण करणार आहे ते शोधा आणि त्या चुलतभावाला आधीच सांगा, की बोलेन, पहिल्या तिघांत माझं नाव घे, आणि दोन मिनिटंच. शेवटी नंबर असला की सगळा कार्यक्रम पोटात गोळा घेऊन ऐकावा लागतो. आजोबांचा एकच प्रसंग लिहून न्या आणि कागदावरून वाचा. वाचून बोललं तर कुणी कमी लेखत नाही. तेही नको असेल तर पत्र लिहा आणि त्यांच्या हातात द्या. या वयात माणसाला मंडपातल्या भाषणातलं निम्मं ऐकूच येत नाही. पत्र चष्मा लावून चार वेळा वाचता येतं.

आजोबांना काय द्यावं असंही तुम्ही विचारलंय. शाल आणि श्रीफळ त्यांना भरपूर मिळतील. तुम्ही एक दिवस आधी पोचणार आहात, तर दुपारच्या शांत वेळी त्यांच्याजवळ बसा, त्यांची परवानगी घेऊन फोनवर आवाज मुद्रित करा आणि विचारा. त्यांच्या वयाच्या माणसाने कोकण बदलताना पाहिलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे होतात? मुंबईहून बोटीने जैतापूरला यायचात का, आणि पुढे गावापर्यंत कसे? १९८२ च्या गिरणी संपात आपल्या वाडीतली किती माणसं परत आली? घरात पहिला दिवा विजेचा कधी लागला? १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा कोण बसलं? "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारू नका, त्यावर म्हातारी माणसं "काय सांगू" म्हणून थांबतात. जागा, दिवस आणि माणूस यांना धरून विचारा. त्यांनी थांबलं तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. दहा-पंधरा सेकंद गेली की पुढचं आपोआप येतं. हे थांबणं तुमच्या बडबड्या भावंडांना जमणार नाही, तुम्हाला जमेल. चाळीस-पन्नास मिनिटांनंतर ते दमतात, तेव्हा उठा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी. गावाला रेंज नसेल तर मुद्रण फोनमध्येच ठेवा, पुण्यात आल्यावर दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि महिन्याभरात आत्या-काकांना पाठवून द्या. पुढच्या कार्यात तुमच्याशी बोलायला त्यांच्याकडे आपसूक विषय असेल.

परतल्यावरच्या दोन-तीन दिवसांचाही बेत करा. गावाहून रात्रभर प्रवास करून थेट सकाळच्या मीटिंगला बसू नका. शक्य असेल तर एक दिवस जास्त रजा टाका, नसेल तर त्या दिवशी कॅमेरा बंद ठेवता येईल अशी कामं लावा. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन उचलणार नाही. हा थकवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरायला हवा. आठवडा उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा कामात मन लागत नसेल, तर तो गर्दीचा थकवा नाही असं समजा आणि जवळच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.